पाचव्या उद्गाराचं पाणी

चैत्रातली दुपार. वर सूर्य, सूर्याखाली माळ, माळाखाली काळा पाषाण, आणि पाषाणाच्या पोटात, तीस हात खोल, शीतल, मधुर, कुणाला न दिसणारं पाणी.

खडकवेलच्या माळावर त्या दुपारी वारा नव्हता. पळसाचे निखारे विझले होते. निंबाचा मोहर, बारीक, पांढरट, मधुगंधी, वाऱ्यावाचूनच गळत होता. बाभळींच्या सावल्या आखडत आखडत बुंध्यापाशी येऊन बसल्या होत्या, चरून दमलेल्या गुरांसारख्या. गोदावरी इथून पाच कोस. आणि उन्हाळ्यात ती आणखीच दूर जाते.

माळाच्या मधोमध दगडी चर्च, ज्याला गाव अजून देऊळच म्हणतं. देवळामागे चिंच. चिंचेपलीकडे ख्रिस्ती मंडळीची विहीर. आज उत्तम शुक्रवार, म्हणून आज घंटा मुकी; लोक आपापल्या सावलीवर पाय देत येत होते, चपला दाराशी काढत होते, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि खोकलासुद्धा पदरात दाबत होते.

इथली रीत अशी. बारा ते तीन, हे तीन तास क्रुसाचे. क्रुसावरून प्रभू जे सात वेळा बोलला ते सात उद्गार सात जणांनी उभं राहून उलगडायचे. सातवा पाळकांचा, तो ठरलेला. बाकी सहांच्या चिठ्ठ्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी निघतात. जो येईल तो घ्यायचा. बदलायचा नाही, नाकारायचा नाही.

आणि ज्याला पाचवा येईल, तहानेचा, त्याने आपल्या हाताने मंडळीच्या विहिरीतून पाणी शेंदायचं, काचेच्या पेल्यात आणून टेबलावर ठेवायचं, त्याच्याशेजारी उभं राहून बोलायचं. ते पाणी प्यायचं नाही. त्या दिवशी ज्याला कुणी पाणी दिलं नाही, त्याच्यासाठी ते ठेवायचं, एवढंच.

यंदा पाचवा उद्गार हनोखला आला होता.

आणि हनोखने त्या विहिरीचं पाणी अकरा वर्षांत ओठाला लावलं नव्हतं.

*

पहिला. क्षमेचा.

एलीया मास्तर उभे राहिले. शाळेत पाढे म्हणून घेतात त्याच आवाजात त्यांनी क्षमेचं सांगितलं: खिळे ठोकणाऱ्यांसाठीच त्याने मागणं केलं, हातोडा अजून खाली ठेवलाही नव्हता त्यांनी. मास्तर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा तेच वाक्य म्हणाले, कारण वर्गात महत्त्वाचं ते दोनदा म्हणायची त्यांना सवय होती.

पुरुषांच्या शेवटच्या बाकावर, भिंतीशी, हनोख बसला होता. पस्तिशीचा, पण पाठीने साठीचा. पाठ वाकली होती ती हंड्यांनी.

रोज पहाटे, आभाळ राखेच्या रंगाचं असताना, तो गावाबाहेरच्या हापशावर जायचा. हापशाचं पाणी खारं, जड, जिभेवर खडूसारखं बसणारं. त्या पाण्याचे दोन हंडे भरायचे, खांद्यावर आडव्या काठीला अडकवायचे, आणि विहिरीला लांबून वळसा घालून तबीथाबाईच्या दारात नेऊन ठेवायचे. हाक मारायची नाही. उंबऱ्याकडे बघायचं नाही. ठेवायचे आणि परत फिरायचं.

रोज. उन्हात, धुक्यात, चिखलात. ज्या दिवशी त्याची आई वारली त्या दिवशीसुद्धा. आधी हंडे, मग माती.

स्वतःही तो तेच प्यायचा. गोड पाणी आपल्यासाठी नाही, असा न्याय त्याने स्वतःला सुनावला होता, आणि त्या न्यायावर दाद मागायला त्याला कुणी सापडलं नव्हतं. लग्न केलं नाही. सणाला नवा सदरा घेतला नाही. पाठीत कळ यायची, ती तो दाताखाली बोट धरून सोसायचा.

गेल्या महिन्यात मात्र तो शेतातच आडवा झाला. मंडळीतले वडीलधारे लूकस आबा त्याला तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी चित्रं काढली, ती उजेडाला धरली, आणि विचारलं, "कुठलं पाणी पिता?"  आबांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, खडे झालेत, एक मूत्रपिंड सुकत चाललंय. हे पाणी बंद केलं नाही तर दुसरंही जाईल, आणि मग माझ्याकडे आणू नका.

परतताना जीपमध्ये आबांनी विचारलं, "आता पिशील ना विहिरीचं?"

"बघू, आबा."

"बघू म्हणजे काय रे?"

"बघू म्हणजे बघू."

त्या 'बघू'चा अर्थ आबांना कळला. ते घरी जाऊन टोपी काढून पाणी प्यायले, आणि सरळ तबीथाबाईकडे गेले.

*

दुसरा. शेजारच्या क्रुसावरल्या चोराचा.

बर्नबाला आला होता. बर्नबा काळीपिवळी जीप चालवतो. तो दोनच मिनिटं बोलला. म्हणाला, "हा मनुष्य अगदी शेवटच्या फाट्यावर चढला. गाडी भरलेली. द्यायला तर पैसा नाही, पुण्य नाही, काही नाही. तरी प्रभूने त्याला पुढच्या सीटवर बसवून नेलं, आणि आजच्या आज नेलं. मला एवढंच कळतं." आणि बसला.

बायकांच्या बाजूने कुणीतरी हसू गिळलं. पहिल्या बाकावर तबीथाबाई मात्र हसली नाही. तिच्या मांडीवर सहावी चिठ्ठी होती, 'पूर्ण झालं आहे' या उद्गाराची. ती तिची. ती चिठ्ठी तिला आली नव्हती. तिने घेतली होती.

हेही सांगितलं पाहिजे. तबीथाबाई रविवारची शाळा घेते, तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या तीच लिहिते आणि पितळी डबा तीच फिरवते. झावळ्यांच्या रविवारी तिने सहा चिठ्ठ्या लिहिल्या. चार डब्यात टाकल्या. दोन पदराच्या गाठीत. चौघांनी चार उचलल्या. मग ती शेवटच्या बाकाकडे चालत गेली, चालता चालता गाठ सुटली, आणि हनोखपुढे डबा आला तेव्हा त्याच्या तळाशी एकच चिठ्ठी होती.

हनोखला या सातांत घालायचं तिनेच ठरवलं होतं. ती म्हणाली, "यंदा तू बोलायचं." अकरा वर्षांत त्याने तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

एवढं मोठं पाप तिच्या हातून देवळात पहिल्यांदाच घडलं होतं. 

*

तिसरा. आईचा.

सगुणाबाईंचा. त्या बोलल्या नाहीत, रडल्या. त्यांचा मुलगा पुण्यात आहे आणि नीट आहे, तरी रडल्या. मंडळीने ते प्रवचन म्हणून मान्य केलं.

*

चौथा. टाकून दिल्याचा.

सूर्य तिरपा झाला. कौलांच्या फटींतून प्रकाशाच्या सळ्या उतरल्या आणि फरशीवर उभ्या राहिल्या. नर्सिंग शिकणारी रिबका कागद घेऊन पुढे आली. बापाने पाठ फिरवली असं वाटलं त्या क्षणाबद्दल ती वाचू लागली. आवाज बारीक. आणि वाचता वाचता साऱ्या मंडळीचे डोळे, कुणी न सांगता, मागच्या खिडकीकडे गेले. खिडकीतून विहिरीचं चाक दिसतं.

अकरा वर्षांपूर्वीचा वैशाख. विहीर आटत आलेली, तळाशी कमरेएवढा गाळ आणि गाळावर हिरवट पाणी. ते उपसल्याशिवाय गाळ निघेना. वर ठेवलेलं डिझेल इंजिन इतक्या खोलून पाणी ओढेना.

शांतवन साळवे दर उन्हाळ्यात विहीर साफ करून घ्यायचा. तबीथाचा नवरा. उंच, शांत, हातात कसब असलेला. तो म्हणाला, इंजिन खाली नेऊ नका, उद्या लांब पाईप आणू. आणि जेवायला घरी गेला.

हनोख तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याला उद्याचा कंटाळा होता. त्याने दोघांना हाताशी धरून इंजिन दोराने खाली सोडलं, पंधरा हातांवरच्या कपारीत बसवलं, चालू केलं. धक-धक-धक. पाणी वर आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हनोख नळी सरकवायला तळापर्यंत उतरला.

धुराला वास होता. धुरातल्या मरणाला वास नव्हता.

वर उभे होते त्यांना तो आधी बसलेला दिसला, मग टेकलेला, मग आडवा. कुणाची उतरायची छाती होईना. तेवढ्यात शांतवन आला. त्याने आत वाकून पाहिलं. धोतराचा सोगा तोंडाला बांधला. दोर कमरेला न बांधता हातात घेतला, कारण दोर एकच होता आणि तो कुणासाठी लागणार हे त्याला ठाऊक होतं. उतरताना त्याने कपारीतलं इंजिन बंद केलं. मग आणखी खाली गेला. हनोखच्या काखांतून दोर घातला. गाठ मारली. दोन झटके दिले.

वरच्यांनी ओढलं.

हनोख वर आला. निळसर, ओला, गाळाने माखलेला, श्वास घेणारा.

दोर परत खाली गेला.

दोर खाली गेला.

दोर

खाली होता, आणि त्याला गाठ मारायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

रिबकाने कागदाची घडी केली. ती जागेवर जाऊन बसली.

*

पाचवा.

पाळकांनी नाव घेतलं. हनोख उठला. टेबलावरचा काचेचा पेला उचलला. बाकांच्या मधल्या वाटेने, कुणाच्या डोळ्यांत न बघता, तो दाराकडे गेला आणि उन्हात दिसेनासा झाला. पायांत चपला घालायचंही त्याला सुचलं नाही.

मंडळी ऐकत राहिली.

काही नाही.

पारवे घुमले. कुणाच्या तरी बांगड्या हातावर सरकल्या. लूकस आबांनी घड्याळ काढलं, बघितलं, खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. तप्त, निःशब्द, पिवळी दुपार दारातून आत वाकून बघत होती.

काही नाही.

तबीथाबाईने डोळे मिटले. पळून गेला असेल तर, असं तिच्या मनात आलं. आत वाकून बघता बघता तोल गेला तर. मी त्याला खेचून काठावर आणून उभा केला आणि त्याला आत जायचीच वाट हवी असली तर. तिच्या ओठांची हालचाल होत राहिली. प्रार्थनेचे शब्द मात्र तिला आठवेनात.

मग चाक करकरलं.

एकदा. मग थांबलं. मग पुन्हा, आणि मग न थांबता, लांब, कर्कश, सुंदर, तीस हातांचा दोर खाली जाईपर्यंत. खोलवर पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज देवळात आला आणि त्या आवाजाबरोबर शंभर माणसांच्या छातीतला श्वास बाहेर पडला.

हनोख परत आला तेव्हा पेला अर्धाच भरलेला होता. बाकीचं पाणी मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून फरशीवर, वाटेभर सांडलं होतं. त्याने पेला टेबलावर ठेवला. मंडळीकडे तोंड केलं.

आणि उभा राहिला.

. . .

"बोल, बाळ," पाळक हळूच म्हणाले.

"मला बोलता यायचं नाही, पाळकसाहेब. मी पाणी आणलंय."

"दोन शब्द बोल. जे वाटेल ते."

हनोखने पेल्याकडे पाहिलं. पाणी निवळशंख होतं, छतातल्या प्रकाशाची एक सळई त्यात तिरपी उभी होती. त्याचे ओठ फाटलेले होते. 

तेव्हा तबीथाबाई उठली. पदर खांद्यावरून पुढे घेतला. "मग मी बोलते. माझा सहावा आहे."

"तबीथाबाई, पाचवा तर होऊ द्या आधी," लूकस आबा म्हणाले.

"आबा, पाचवा अकरा वर्षं चाललाय."

ती पुढे आली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. दोघांच्या मध्ये पेला. ती मंडळीकडे वळलीच नाही.

"हनोख, अकरा वर्षं झाली, माझी डाळ शिजली नाही."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"खरंच सांगते. तुझ्या त्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. चहा करावा तर पाहुणे कप तसाच ठेवून उठतात. तुझे हंडे मी शेळीला घालते. शेळीपण वास घेऊन तोंड फिरवते. मग मागच्या दाराने जाते, विहिरीचं शेंदून आणते, आणि तुला दिसू नये म्हणून पदराखाली झाकून आणते. या वयात."

"मग सांगितलं का नाही, वहिनी?" त्याचा आवाज आला, गंजलेला, पण आला.

 पुढचं सोपं नव्हतं, आणि ते तिने घरी भिंतीला सांगून पाहिलं होतं.

"पहिली दोन वर्षं मला बरं वाटायचं. तू वाकून येताना दिसलास की माझी भाकर मला गोड लागायची. मी दाराच्या फटीतून बघायचे. पाऊस असला की आणखी बरं वाटायचं." ती थांबली. "मग तो राग गेला. कधी गेला ते कळलं नाही. पण सवय राहिली. मला वाटायचं, याला मोकळं केलं तर शांतवनची आठवण काढणारं कोण उरेल. तुझं दुःख रोज माझ्या दारात येऊन उभं राहायचं, तेवढाच तो घरी आल्यासारखा. म्हणून गप्प बसले. आणि डॉक्टर म्हणतात, तू सुकत चाललास. ते पाणी मी तुला पाजलंय, हनोख. हात न लावता पाजलंय. त्याची क्षमा तुझ्याकडे मागायची आहे मला."

हनोखने मान हलवली. जोरात, पुन्हा पुन्हा, झाडाने वावटळीत हलवावी तशी. "तुम्ही नका मागू. तुम्हाला माहीत नाही. इंजिन खाली मी नेलं, वहिनी. दादा नको म्हणाले होते मला. तोंडावर म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

 मंडळी पुढे झुकली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

हनोख बघत राहिला.

"तो जेवत होता. इंजिनाचा आवाज घरापर्यंत आला, आणि तो खोलातून आला. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, त्या हनोखने इंजिन खाली नेलेलं दिसतंय, नको म्हटलं होतं त्याला. मी म्हटलं, जेवून जा. ज्याचं त्याला निस्तरू दे. तो म्हणाला, त्याला निस्तरता येणार नाही. आणि उठला. चूळसुद्धा भरली नाही." तिचा आवाज तसाच सरळ राहिला, काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालताना मान राहते तसा. "चूक कुणाची ते त्याला ठाऊक होतं. तू कसा होतास ते बघून उतरला तो. तुझ्या चांगुलपणासाठी उतरला असता तर तुला फेड करावी लागली असती. तो तुझ्या मूर्खपणात उतरला, बाबा. त्याची फेड कशी करणार तू?"

 प्रकाशाच्या सळ्या फरशीवरून हातभर पुढे सरकल्या होत्या.

"आणि ती गाठ. तुला आठवत नसणार, तू शुद्धीत नव्हतास. तुला वर काढलं तेव्हा ती कुणालाच सुटेना. तीन वेढे, वर उलटा पीळ. धुरात, डोळ्यांनी दिसत नसताना मारलेली. शेवटी विळ्याने कापली. घाबरलेला माणूस तशी गाठ मारत नाही. ज्याला वाटतं की अजून वेळ आहे, तो मारतो तशी ती होती. किंवा ज्याला वाटतं की आपलं काम आता एवढंच आहे आणि ते नीट करावं, तो. त्या गाठीशी त्याचं काम पुरं झालं होतं, हनोख. पुरं. माझा आजचा उद्गार एवढाच आहे. झालेल्या कामात तू रोज सकाळी दोन हंडे ओततोस. ते मी ठेवू कुठे? त्यात जागा नाही."

हनोख रडला नाही. त्याचे खांदे, जे अकरा वर्षं एका आडव्या काठीच्या आकाराचे झाले होते, ते थोडे खाली आले. बस, एवढंच दिसलं.

तबीथाबाईने पेला उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "पी."

"तबीथाबाई," लूकस आबा अर्धे उठले, "ते प्यायचं नसतं."

"का, आबा?"

आबांना कारण आठवत होतं, सांगता येईना. त्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांना वळायची घाई दिसत नव्हती. आबा बसले. बसताना पुटपुटले, "मग पिऊ दे. डॉक्टरनं तेच सांगितलंय."

हनोखने पेला दोन्ही हातांनी घेतला. आधी ओठ भिजले. फाटलेल्या ओठांना पाणी झोंबलं आणि त्याने पेला दूर केला. पुन्हा जवळ केला. मग एक घोट. तो गळ्यातून उतरताना समोरच्या बायकांना दिसला. पाषाणाच्या पोटातलं पाणी, काळोखाच्या पोटातलं पाणी, जिथे एक माणूस शेवटचा उभा होता तिथलं पाणी. शीतल, निर्मळ, कुठलाही हिशेब न विचारणारं. दुसरा घोट. तिसऱ्याला ठसका लागला, आणि तबीथाबाईने त्याच्या पाठीवर थाप मारली, जशी लहान दिराला मारतात.

मग तो ते सगळं प्यायला. हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं ते पुसलं नाही.

"गोड आहे," तो म्हणाला. आश्चर्याने म्हणाला.

"असणारच," ती म्हणाली. "उद्यापासून हंडे आणायचे नाहीत. डाळ खायला यायचं."

"येईन."

"बघू म्हणू नकोस."

"येईन म्हटलं ना, वहिनी."

*

सहावा.

पाळकांनी रीतीप्रमाणे नाव घेतलं, कारण रीत म्हणजे रीत.

तबीथाबाई जागेवरूनच म्हणाली, "माझं बोलून झालं." मग तिला काही आठवलं आणि ती पुन्हा उठली. "पाळकसाहेब, चिठ्ठ्या मी लबाडीने वाटल्या. पदरात ठेवल्या होत्या दोन. त्याची क्षमा मागायची राहिली."

पाळकांनी टेबलावरचा रिकामा पेला थोडा बाजूला सरकवला. "एलीया मास्तरांच्या उद्गारात तुमचीही आली असावी," ते म्हणाले. "बसा."

मास्तरांनी चष्मा पुसला.

*

सातवा. स्वाधीन करण्याचा.

पाळक वयस्क होते, त्यांचा आवाज मऊ, जुन्या सुती कापडासारखा. ते बापाच्या हातांबद्दल बोलले. म्हणाले, जो दुसऱ्यांसाठी सगळं करून चुकला त्यालाही शेवटी काही करायचं राहिलं होतं: सोडून द्यायचं. आपला जीव मुठीतून काढून दुसऱ्या तळव्यावर ठेवायचा. मरणारा जेव्हा 'बापा, तुझ्या हाती सोपवतो' असं म्हणतो, तेव्हा ते एखाद्या लेकराने निजताना म्हटल्यासारखं ऐकू येतं.

ते आणखीही बोलले. पण मंडळीचं लक्ष हळूहळू, एकेका बाकाने, पहिल्या रांगेकडे गेलं.

हनोख शेवटच्या बाकावर परतला नव्हता. पाणी पिऊन तो जवळच्याच बाकावर टेकला होता, पुरुषांच्या बाजूला, अगदी पुढे. आधी त्याची मान कलली. मग खांदा. मग, कुणी तरी आतून दोर सोडत जावा तसा तो सावकाश, सावकाश खाली येत बाकावर आडवा झाला. गुडघे पोटाशी, गाल लाकडावर.

झोपला.

अकरा वर्षं रोज चारला उठणारा. अकरा वर्षं झोपेतसुद्धा खांदा उचलून धरणारा. भर उपासनेत, तीन वाजायला दहा मिनिटं असताना, तोंड किंचित उघडं ठेवून, देवाच्या आणि माणसांच्या समोर झोपला.

पाळकांनी आवाज उतरवला. वाक्यं लहान केली. शेवटचं आमेन त्यांनी ओठांनीच म्हटलं, आणि शंभर ओठांनी ते तसंच, आवाजावाचून, उचललं.

लोक उठले. बाक करकरू नये म्हणून एकमेकांना धरून उठले. सगुणाबाईंनी नातवाच्या तोंडावर हात ठेवला. बर्नबाने किल्ल्या मुठीत आवळल्या. दाराशी चपलांचा ढीग होता. कुणी त्या घातल्या नाहीत. ज्याने त्याने आपल्या उचलल्या, हातात धरल्या, आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी, चवड्यांवर, पाय भाजत, कुणी हूं न करता, कुंपणापर्यंत चालत गेले. तबीथाबाई सगळ्यांच्या मागे निघाली. दार तिने लोटलं नाही.

आत देऊळ रिकामं झालं.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं. ते भिंतीवरून उतरलं, फरशीवरून चाललं, बाकावर चढलं. त्याच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं, बाकाबाहेर लोंबणाऱ्या उघड्या, घट्टे पडलेल्या तळव्यावर येऊन थांबलं. तळवा मिटला नाही. श्वास येत होता, जात होता. ऊन थोडा वेळ तिथेच राहिलं. मग ते त्याच्या चेहऱ्यावर गेलं, आणि तरीही तो झोपलेला होता.